लाकडातला खिळा

"चहात भुसा, पाण्यात भुसा, अंथरुणात भुसा. मी मेले की तोंडातही भुसाच घाला, म्हणजे झालं," सासू शेगडीकडे तोंड करून पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे तिच्या हिशेबाने पुटपुटली. पलीकडच्या घरातली बाई अंगणात दात घासत होती, ती हे ऐकून फिसकन हसली, यावरून काय ते समजावं.

या घराला हळू बोलणं माहीतच नव्हतं. आरागिरणीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. सासऱ्याने जन्मभर आरा चालवला आणि त्याच्यामागे थोरला मुलगा चालवत होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, म्हणून त्याची बायको मिस्त्रीण. पात्याच्या किंकाळीने घरादाराचे कान निम्मे गेले होते. चहा हवा का, हेसुद्धा भांडण काढल्यासारखं विचारलं जाई. त्यात एक गैरसोय होती. गुपचूप सांगायची गोष्ट या घरात सांगताच येत नसे. मग जे शेजाऱ्यांनी ऐकू नये, ते कोणी बोलतच नसे.

मिस्त्रिणीने नवऱ्यापुढे कप ठेवला. तो लगेच उचलत नव्हता. आधी इकडेतिकडे बघे, शर्टाची बाही खाली ओढे, मग दोन्ही हातांनी कप धरून तोंडच खाली नेई. तरीही बशीत चहा सांडलाच.

"ताप असेल," सासू म्हणाली. "उन्हाचं बाधतं त्याला."

"हो," मिस्त्री म्हणाला.

समोर धाकटा दीर बसला होता, डाव्या हाताने चहा पीत. उजवा हात खिशात. घरात असो, बाहेर असो, तो हात आता खिशातच असायचा. थंडी संपता संपता आऱ्यावर त्याची तीन बोटं गेली होती. ओंडक्यात खिळा होता, पातं उडालं, असं सगळे सांगत. कधीकाळी कोणी झाडावर पाटी ठोकली असेल, तो खिळा सालीआड गेला असेल. असं होतं कधीकधी. सासूने हे पहिल्यांदा म्हटलं, दवाखान्याच्या पायरीवर, पदर तोंडाशी धरून. मग गिरणीचा मालक म्हणाला. मग धाकटाही म्हणायला लागला.

तो खिळा मिस्त्रिणीने कुठे पाहिला नव्हता. त्या दिवशी रक्ताचा भुसा तिनेच सुपाने भरून टाकला होता.

धाकट्याच्या जागेवर आता ती उभी राहत होती.

*

आऱ्याचं काम दोघांचं. अलीकडून मिस्त्री ओंडका पात्यावर ढकलणार, पलीकडून दुसऱ्याने निघालेली फळी धरून सरळ ओढत राहायचं. पात्याच्या आवाजात एकमेकांना हाक मारून उपयोग नसतो. म्हणून सासऱ्याच्या वेळेपासूनची रीत होती. हातात लाकडाचा एक गुटका ठेवायचा आणि ओंडक्यावरच ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की चालू दे. ती ठोक कानाला येत नाही, लाकडातून पलीकडच्या माणसाच्या तळहाताला येते. मिस्त्रीला माणसाचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण लाकडातून आलेली ठोक त्याच्या हाताने आजवर चुकवली नव्हती. निदान सगळे असं म्हणायचे.

पावसाच्या आधी छपरं घालून घ्यायची सगळ्यांना घाई होती. फाटकापासून ओंडक्यांची रास लागलेली. मालक पंच्याने मान पुसत येरझाऱ्या घालत होता.

"मिस्त्री, आज ही बाजू संपली पाहिजे हं."

"संपवतो."

"हात बरा आहे ना?"

मिस्त्री तेलाच्या पिंपामागे गेला. तिथे काय असतं ते मालकाला ठाऊक होतं, कारण ठेवायचा तोच. परत आला तेव्हा हात थरथरायचे थांबले होते. डोळे मात्र कुठेतरी लांब लागलेले. वारा त्याच्याकडून तिच्याकडे येत होता. ओल्या लाकडाचा वास आणि त्यात तो दुसरा वास. तिने तळहाताला चिंध्या गुंडाळल्या, दातांनी गाठ मारली आणि उभी राहिली.

चार-दोन ओंडके नीट गेले. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. पाचव्याला तिला दिसलं की फळी तिरकी येते आहे. बोटभर, मग दोन बोटं. पातं तिच्याकडे सरकत होतं. तिने गुटक्याने एकदा ठोकलं.

फळी येतच राहिली.

तिने पुन्हा ठोकलं, जोरात. मिस्त्री तिच्याकडेच बघत होता. म्हणजे तोंड तिच्याकडे होतं.

तिने फळी सोडून दिली आणि हात ओढला. फळी उसळली, खाडकन खाली आपटली. तळहातावरची चिंधी पात्याने ओढून नेली आणि तिच्या दशा हवेत उडाल्या. मालकाने धावत जाऊन बटण दाबलं. पातं फिरत फिरत थांबलं, आणि सगळीकडे एवढं शांत झालं की कुठेतरी कावळा ओरडतोय हे पहिल्यांदा कळलं.

तिने हाताची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. सगळी होती.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

मालक ओंडक्यापाशी वाकला, त्यावरून हात फिरवला. "खिळा असेल बघ," तो म्हणाला. "या लाकडात निघतात."

मिस्त्रीण जवळ गेली. काप स्वच्छ होता, लोण्यासारखा. सबंध दुपारभर बसायला जागा नव्हती म्हणून ती उभीच होती.

*

धाकट्याच्या हाताची पट्टी बदलायला आठवड्यातून एकदा गावातल्या दवाखान्यात जावं लागे. त्याला एकट्याला जायला नको वाटायचं, म्हणून ती सोबत जाई. नर्सबाई हात धरून जखम बघत होती.

"बरी भरतेय. बोटं हलवत जा रे, उरलेली."

"हलवतो," धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला.

मिस्त्रीण नर्सबाईच्या जवळ सरकली. "बाई, एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी एक जण आहेत. त्यांना जरा... संध्याकाळची सवय आहे."

"संध्याकाळचीच?"

"सकाळचीही."

नर्सबाईने पट्टी गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे पाहिलं. मग धाकट्याकडे. "शेजाऱ्यांचे हात कापतात का सकाळी?"

"कापतात."

"मग त्यांना सांग, मनाने एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, गोळ्या घ्या. एकदम सोडली तर कुणाकुणाला झटके येतात, नाही नाही ते दिसतं. आणि गोळ्यांनी नुसतं अंगाचं भागतं. पिणं सोडलेल्या माणसांची एक मंडळी जमते इथे, रविवारी दुपारी. तिथे बसायला सांग त्या शेजाऱ्यांना."

"कुठे जमते?"

"ते मला नाही माहीत बाई. ते लोक पाटी लावत नाहीत. बाजारात कुठेतरी. विचार कुणाला तरी."

विचार कुणाला तरी! ते काय दुकानात जाऊन सुईदोरा मागण्यासारखं होतं? बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "वहिनी, शेजारी कोण?"

"चल तू. ऊन लागतंय."

तो दोन पावलं मागून चालत राहिला. हात पुन्हा खिशात गेला होता.

*

बाजारात विचारायचं तर सगळ्यात कमी बडबड्या माणसाला विचारावं, म्हणून ती शिंप्याकडे गेली. शिंपी तोंडात टाचण्या धरून बसलेला असतो, त्याला बोलताच येत नाही. दुकानात कोणी नाही असं बघून तिने अगदी हळू विचारलं. शेजारच्या चपलांच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. वरच्या मजल्यावरून एका बाईने डोकं बाहेर काढलं.

शिंप्याने टाचण्या तोंडातून काढल्या. त्याचे कान लाल झाले होते. "मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "आणि जरा हळू बोला ना बाई."

"हळूच बोलतेय की मी."

न्हाव्याने सांगितलं, असली मंडळी पूर्वी होती, आता नाही. रॉकेलच्या दुकानातल्या म्हातारीने सांगितलं, "शेजाऱ्याला काठी दाखव." धाकटा प्रत्येक दुकानाच्या बाहेर उभा राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मिस्त्रिणीचा चेहरा तापला होता. आपण बाजारातून नाही, उघड्या अंगाने चाललो आहोत, असं तिला वाटत होतं.

शेवटच्या वळणावर पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला होता. तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "शेजाऱ्यांसाठी ना?"

तिने पदर पुढे ओढला.

"शिंप्याकडे बोललात ते इथपर्यंत ऐकू आलं." त्याने ट्यूब कपड्याने पुसली. हसला नाही. "इथेच. मागच्या खोलीत. घेऊन या त्यांना. नाव विचारत नाही आम्ही कुणाला. फक्त एक करा. येताना तुमच्या त्या शेजाऱ्यांच्या केसांतला भुसा तेवढा झाडून आणा. तुमच्याही आहे."

तिने केसांना हात लावला.

"ते येत नसतील तर?" तिने विचारलं.

"मीही येत नव्हतो. माझ्या बायकोने मला पहिल्यांदा सायकल ढकलायला लावून आणलं होतं. म्हणाली पंक्चर झालीय, चल." त्याने ट्यूब पुन्हा बुडवली. "घाबरता आहात का?"

"हो."

"बरं आहे. घाबरणं संपलं की बायका यायच्या थांबतात."

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत आरा बंद होता. मिस्त्री ओंडक्याला टेकून बसला होता. मिस्त्रिणीने फाटलेली चिंधी त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"माझा हात इथे होता."

त्याने चिंधी उचलली नाही. मांडीवर विंचू ठेवावा तसा त्या चिंधीकडे बघत राहिला.

"तू ठोकायचं होतंस," तो म्हणाला.

"ठोकलं."

मालक छपराखाली जेवत होता. त्याने घास थांबवला. आरा बंद असताना यांचं बोलणं सगळ्या वखारीला ऐकू येई.

"उद्यापासून मी समोर उभी राहणार नाही," ती म्हणाली. "आईंना उभं करा हवं तर. त्यांना दोन्ही हात आहेत."

"काय बोलतेस?"

"डॉक्टरांकडे चला. आणि रविवारी एका ठिकाणी चला. काही विचारू नका."

"मी काय दारु..." एवढं बोलून तो थांबला. शब्द तोंडात फुगला आणि तसाच आत गेला. त्याने मालकाकडे पाहिलं, पिंपाकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली. मानेवरच्या घामाला भुसा चिकटला होता. लहान मुलाची असावी तशी ती मान दिसली, आणि त्याने तिला जास्तच भीती वाटली. रागावला असता तर परवडलं असतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली, आणि काही वेडंवाकडं वाटलं तर लगेच आणा म्हणाले. मग जे दिवस आले ते मोजायचे नव्हतेच, ढकलायचे होते. मिस्त्री घामाने भिजून जाई, आणि थोड्या वेळाने थंडी वाजून दात वाजत. भुसा पायावर चढतोय म्हणून पाय झाडे. धाकटा त्याच्या उशाशी बसे आणि डाव्या हाताने त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवे. सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "ताप आहे. ताप आहे त्याला."

मालकाने बाहेरून एक माणूस आणला होता. तो एका दिवसात पातं वाकवून निघून गेला. मग मालक स्वतःच आला, हातात कागदात गुंडाळलेली बाटली.

"ताप आहे ना? हे तापावर. थोडीच द्या. हात बसला की उद्या आरा सुरू करू." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पाणी द्यावं तशी त्याने ती दिली.

सासूने बाटली घेतली. मिस्त्रिणीच्या डोळ्यांदेखत ती तांदळाच्या डब्यामागे ठेवली. त्या दिवसापासून खोलीत आणखी एक माणूस राहायला आल्यासारखं झालं. पडल्या पडल्या मिस्त्रीची नजर डब्याकडे जाई. मिस्त्रीण पाण्याला गेली की घागर अर्धीच भरून पळत परत येई, आणि दारातून आधी डब्याकडे बघे, मग नवऱ्याकडे.

शनिवारी तो झोपला असताना तिने बाटली काढली, मोरीपाशी बसली आणि ओतायला लागली. हात असे कापत होते की कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं हिलाच सवय आहे. मागे सावली पडली. सासू.

मिस्त्रीण बाटली धरून तशीच बसून राहिली. आता आरडाओरडा होणार, आता तो उठणार.

सासूने वाकून मोरीत पाहिलं. मग म्हणाली, "वास राहील. वरून भुसा टाक." आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

*

रविवारी ऊन एवढं होतं की बाजारातली कुत्रीसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरली होती. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून निघाला. मिस्त्रिणीने त्याचे केस झाडले, मग स्वतःचे. धाकटा मागून आला. कोणी त्याला चल म्हटलं नव्हतं.

पंक्चरच्या दुकानामागची खोली लहान होती. प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. बाजूच्या रस्त्यावर उघडणाऱ्या दाराशी एक लांब लाकडी बाक होता, खोलीत मावत नसल्यामुळे अर्धा आत आणि अर्धा बाहेर. आत शिरल्या शिरल्या मिस्त्रीने बाकावर हात फिरवला. त्याला सगळीकडे आधी लाकूडच दिसे. मग तो त्याच्या आतल्या टोकाला बसला, म्हणजे खुर्च्यांपेक्षा दार जवळ, पळायला सोपं. धाकटा आत आलाच नाही.

"मी इथेच बसतो, वहिनी," म्हणून तो बाकाच्या बाहेरच्या टोकाला बसला, रस्त्याकडे तोंड करून, उन्हात.

मिस्त्रिणीला खुर्ची मिळाली. समोर बघते तर शिंपी. त्याने तिला पाहिलं, आणि टाचण्या तोंडात असल्यासारखे ओठ घट्ट मिटून घेतले. मग हळूच मान हलवली. ती तिकडे बघून चटकन खाली बघायला लागली, कारण तिला हसू येत होतं आणि रडूही.

एक मास्तर बोलले. आपण शाळेत खडूच्या डब्यात काय ठेवायचो ते सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी च्च केलं नाही. बोलणं संपलं की सगळे नुसते बसून राहत. एवढी शांतता मिस्त्रीने कित्येक वर्षांत ऐकली नसेल. त्याच्या कपाळावर घाम जमला होता. दोन्ही हात त्याने बाकावर टेकवून दाबून धरले होते, कापू नयेत म्हणून.

"तुम्हाला बोलायचंय?" पंक्चरवाल्याने विचारलं. "नको असेल तर नको. नुसतं बसलात तरी चालतं."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. मग पुढे वाकला आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं बोलायला लागला. म्हणजे त्याच्या हिशेबाने. बाहेर रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला.

"मी आरा चालवतो. लहानपणापासून. मी कधीतरी घ्यायचो, दमल्यावर. सगळेच घेतात. मग सकाळीही लागायला लागली. हात बसत नव्हता त्याशिवाय." त्याने तळहात बाकावर आणखी दाबले. "माझा भाऊ माझ्यासमोर उभा राहायचा. फळी ओढायला. या थंडीत त्याच्या हाताला अपघात झाला. म्हणजे ते दारूमुळे नाही. ओंडक्यात खिळा होता. पातं..."

मिस्त्रिणीने डोळे मिटले. आला, खिळा आला. आता हा खिळा या खोलीतही राहणार, आणि उद्या आरा सुरू होईल, आणि समोर ती उभी असेल.

बाकावर एक ठोक पडली.

खोलीत ती कुणाला ऐकूही आली नसेल. मिस्त्रीच्या तळहाताला आली. तो शब्दाच्या मध्येच थांबला. त्याने वळून दाराकडे पाहिलं. बाहेर धाकटा पाठमोरा बसला होता, उन्हात. त्याचा उजवा हात खिशात नव्हता. पट्टी बांधलेला, दोन बोटांचा तो हात बाकावर ठेवलेला होता.

शिंप्याने श्वास सोडला तो ऐकू आला. मिस्त्रिणीला वाटलं, हा आता उठेल, भावाला ओलांडून निघून जाईल, सरळ त्या पिंपामागे. तिने खुर्चीवर ठोकायला बोटं दुमडली. खुर्ची प्लास्टिकची. काही वाजलंच नाही.

मिस्त्री बाकाकडे बघत होता. दोन्ही तळहात लाकडावर पसरलेले, वाट बघत असल्यासारखे.

बाहेरून ठोक आली. आणि मागोमाग दुसरी.

मिस्त्रीचा चेहरा वेडावाकडा झाला. तो बोलला तेव्हा आपण हळू बोलतोय असं त्याला वाटत होतं. चपलांच्या दुकानापर्यंत सगळा बाजार ऐकत होता.

"खिळा नव्हता," तो म्हणाला. "मी प्यायलेला होतो. त्याने एकदा ठोकलं होतं. मला कळलं होतं."